ग्लास उजेडात धरा

घरात पाळणा हलणार? अभिनंदन! आता पाणी तपासून घेण्याची नसती उठाठेव मात्र करू नका. ग्लास उजेडात धरा, आरपार दिसलं की झालं. आर्सेनिक, शिसं, नायट्रेट ही मंडळी भारी संकोची. पाण्यात उतरली तरी ना रंग, ना वास. अशा सभ्य पाहुण्यांवर संशय घेणं शोभत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आर्सेनिक लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! एवढ्याशाला कोण भितं? ते वार ओलांडून बाळापर्यंत जातं, गर्भपाताशी आणि कमी वजनाच्या बाळांशी त्याचा संबंध दिसलाय, सगळं कबूल. पण ग्लासात दिसलं का? नाही ना?

शिशाचं तर कौतुकच करायला हवं. जुने पाइप असतील तर पहाटेची पहिली धार सोडू नका. रात्रभर मुरलेलं पाणी ते. गरम नळाचं घेतलंत तर शिसं आणखी सढळ हाताने विरघळतं. शिवाय आईच्या हाडांत वर्षानुवर्षांची ठेव असतेच. बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघालं की त्याचं बोट धरून शिसंही रक्तात उतरतं. ठेव वारसाच्या नावे वळती, तीही जन्माआधी! कागदपत्रं नकोत, सही नको.

तरी मनात पाल चुकचुकलीच तर पाणी उकळा. चांगलं निम्मं आटेपर्यंत. नायट्रेट उकळून जात नाही, उलट दाट होतं. पुढे बाळाचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवा. रक्ताला ऑक्सिजन वाहून नेणं जमेनासं झालं आणि बाळ निळसर पडलं, तर रंग कुणाचा घेतला यावर नातेवाइकांना बोलायला विषय होईल.

हे वाचून गॅस बंद केलात? छान! म्हणजे हिपॅटायटिस ई सुखरूप राहिला. (खळखळून एक मिनिट उकळलं असतं, तर बिचारा मेला असता.) मैला मिसळलेल्या पाण्यातून येणारा हा विषाणू इतरांना बहुधा काही आठवड्यांत सोडून देतो. शेवटच्या तिमाहीतल्या बायकांवर मात्र त्याची खास मर्जी. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जातं.

आणि नुसत्या अतिनील दिव्याचं यंत्र बसवलं असेल तर प्रश्नच मिटला. दिवा जंतू मारतो. आर्सेनिक त्याच उजेडात न्हाऊन ग्लासात उतरतं.