तपासा, पण पडदा नीट ओढून

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. मोठं होणार आहे, पण वाचा.

पुण्याला भाच्याचं लग्न आहे. सगळ्यांची विमानाची तिकिटं एकदम काढावीत म्हणून मावशीला फोन लावला, आधार कार्डावर नाव कसं आहे ते विचारायला. तर म्हणे, "तुम्ही जा गं विमानाने. मी आपली रात्रीच्या गाडीने येते." सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी बेजार, आणि रात्रभर गाडीत काढणार! मी हट्टच धरला, तेव्हा हळूच म्हणाली, "मला परत तिथे उभं राहायचं नाहीये."

"तिथे" म्हणजे कुठे, ते मला पक्कं माहीत होतं. मी तिच्या मागेच उभी होते.

तिला विचारूनच लिहितेय. शहराचं नाव घालू नकोस म्हणाली, म्हणून घालत नाही. आपलं इंदूर नाही, एवढंच सांगते.

मावशीचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. एक स्तन काढलाय. बाहेर जाताना ती कप्पा शिवलेल्या खास ब्रामध्ये सिलिकॉनचा भाग ठेवते. आमच्या घरातही हे मोजक्याच बायकांना ठाऊक होतं. त्या दिवशी विमानतळावर सुरक्षा तपासणीला ती पडद्याआड गेली. पडदा अर्धाच ओढलेला. आतल्या मुलीचा हात छातीपाशी थांबला. "ये क्या है?" मावशी खालच्या आवाजात सांगायला लागली, तर "क्या? ज़ोर से बोलिए." मग "निकालके दिखाइए." आणि मग त्या मुलीने पडद्याबाहेर डोकं काढून पलीकडच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मॅडमना हाक मारली, "मैडम, इनका एक नकली है, क्या करना है?"

पट्टे काढून ट्रेमध्ये ठेवणारे पुरुषसुद्धा वळून बघायला लागले. मी पुढे झाले, तर मला "आप लाइन में रहिए."

मावशी पदराला दोन पिना लावते, ऑपरेशनपासूनची सवय. त्या काढायला लावल्या होत्या. नंतर तिने त्या परत लावल्याच नाहीत. विमानात बसेपर्यंत आणि बसल्यावरही एका हाताने पदर छातीशी धरून होती. चहा आला, तोही घेतला नाही. दुसरा हात पर्सवर होता ना.

आता कोणीतरी म्हणणारच, "अहो, सुरक्षा आहे, सहन करावं लागतं." मान्य. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अपहरण करून कंदहारला नेलं, ते दिवस विसरलेले नाही मी. टीव्हीसमोरून कोणी उठत नव्हतं घरात. त्यानंतरच विमानतळांवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आलं, २००० साली जयपूरपासून सुरुवात झाली. २००९ च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात एक माणूस अंतर्वस्त्रात स्फोटकं शिवून चढला होता, म्हणून असल्या जागी हात लावून बघावं लागतं, हेही कळतं. ड्युटीवरच्या त्या मुली तासन् तास उभ्या असतात, शेकडो बायका तपासतात, तेही कळतं.

पण मला एक सांगा, पडदा पूर्ण ओढला असता तर देशाची सुरक्षा कुठे कमी होणार होती? मावशीच्या कानाशी जाऊन विचारलं असतं तर कोणता दहशतवादी निसटला असता? तपासायचं ते तपासा. शिवण उसवून बघा हवं तर. बंद खोलीत, दोन बायकांसमोर, हळू आवाजात. चारचौघांत ओरडणं हा तपासणीचा भागच नाही हो! तो निव्वळ निष्काळजीपणा आहे आणि सुरक्षेच्या नावाखाली तो खपून जातो. मला चीड आहे ती याची.

हे जमत नाही असंही नाही. डेट्रॉइटच्या त्या प्रकारानंतर अमेरिकेत अंगाचं चित्र दाखवणारी यंत्रं भराभर बसवली. काही यंत्रांच्या पडद्यावर माणूस जवळजवळ उघडाच दिसायचा. लोक खवळले, कायदा झाला, आणि २०१३ पर्यंत तसली यंत्रं विमानतळांवरून हलवली. आता नुसती बाहुलीसारखी आकृती दिसते, शंका असेल तिथे चौकोन उमटतो. विमानं तशीच उडतायत. आपल्याकडेही २०१९ मध्ये नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोने मोठ्या विमानतळांवर बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं. चांगलं आहे. पण मावशीच्या बाबतीत ते यंत्रही छातीवर चौकोनच दाखवणार, आणि मग पुढे माणसाचाच हात येणार. त्या माणसाला कसं वागायचं ते कोण शिकवणार?

नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन आठवतात? १९८१ च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या. विमानतळावर दर वेळी तो कृत्रिम पाय काढायला लावतात, म्हणून २०२१ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून व्हिडिओ टाकला. सीआयएसएफने माफी मागितली. त्यांना देश ओळखतो. माझ्या मावशीला कोण ओळखतं? तिची माफी कोण मागणार?

आणि ते विमानतळावर चेहऱ्यावरून ओळख पटवणाऱ्या डिजीयात्राचं. सप्टेंबर २०२४ पासून आपल्या इंदूरलाही आहे. चेहरा दाखवा आणि आत जा. माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते, विमानतळाकडची चोवीस तासांत पुसतात असं सांगतात. ऐच्छिक आहे म्हणतात. चालवणाऱ्या संस्थेत सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा हिस्सा २६ टक्के, बाकीचा पाच विमानतळ कंपन्यांचा. मला वेळ वाचलेला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण चेहरा देणाऱ्याला मोकळी वाट आणि न देणाऱ्याला लांबलचक रांग, ही कसली इच्छा? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो विमानतळाच्या दारात बुटांबरोबर ट्रेमध्ये काढून ठेवायचा का?

लिहिता लिहिता राग जरा निवला. त्या मुलीचा चेहरा आठवतोय. मावशीने शेवटी स्वतःच तिचा हात धरून सांगितलं, "बेटा, कैंसर हुआ था." तेव्हा ती गोरीमोरी झाली, "सॉरी आंटी" म्हणाली. वाईट नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की असंही असतं. प्रशिक्षणात बंदूक कशी ओळखायची ते शिकवलं असेल, ऑपरेशन झालेली बाई कशी ओळखायची ते राहूनच गेलं. म्हणून वरच्यांवर राग आहे माझा, तिच्यावर नाही.

आता कामाचं. आपल्या इंदूरच्या विमानतळाची एक सल्लागार समिती असते, अध्यक्ष आपले खासदार असतात. त्यांना पत्र देणार आहे. मागण्या साध्या आहेत. बायकांच्या तपासणीचा पडदा पूर्ण बंद होणारा हवा. ऑपरेशन झालेल्या, कृत्रिम अवयव लावलेल्या किंवा लघवी-शौचाची पिशवी लावलेल्या प्रवाशांसाठी वेगळी खोली आणि तिथे बसायला खुर्ची हवी. "आपण वेगळ्या खोलीत तपासणी मागू शकता" अशी पाटी रांगेच्या सुरुवातीलाच हवी, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. बिजासनच्या टेकडीजवळच्या या विमानतळाला अहिल्यादेवींचं नाव आहे. एवढं तरी इथून सुरू व्हावं.

मसुदा मराठी आणि हिंदी दोन्हींत करतेय. सही करायची असेल त्यांनी खाली नाव लिहा. तुमच्या ओळखीत कॅन्सरच्या डॉक्टर बाई असतील तर त्यांना हे पाठवा, पत्रात त्यांचंही म्हणणं जोडायचंय. आणि ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय त्यांनी इथे काहीही लिहू नका, मला मेसेज करा. नाव कुठेही येणार नाही.