लघवीच्या नळीत डेटॉल सोडायचं नसतं

'कॅथेटर असलेल्या पेशंटची घरच्या घरी काळजी : ५ उपाय' हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकला. परवा जुळे सोलापुरात काकांकडे गेलो, तर काकू सिरिंजमध्ये डेटॉलचं पाणी भरत होत्या. प्रोस्टेटमुळे लघवी अडली म्हणून काकांना कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातली लघवी बाहेर पिशवीत सोडणारी नळी, घातलीय. मी हात धरला म्हणून थांबल्या.

मेसेजचा पहिला उपाय हाच. रोज पिशवी काढा, नळीतून डेटॉलचं पाणी आत मारा, पिशवीतही टोपणभर टाका. अहो, डेटॉल कातडीलासुद्धा पातळ केल्याशिवाय लावत नाहीत, आणि हे थेट मूत्राशयात? आतलं अस्तर भाजून निघेल. शिवाय नळी आणि पिशवीचा जोड बंद असतो म्हणून जंतूंना आत जायला वाट कमी मिळते. तो रोज उघडला की आपणच त्यांना रस्ता करून देतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची २००९ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते : जंतुनाशकाने मूत्राशय रोज धुऊ नका, पिशवीत टाकू नका, नळीभोवतीही जंतुनाशक लावू नका. रोजच्या आंघोळीची स्वच्छता पुरे. म्हणजे साबण आणि पाणी. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, तरी एवढ्याला तांब्याभर पुरतं. हात मात्र आधी आणि नंतर धुवायचेच. रक्ताच्या गाठींनी नळी तुंबत असेल तर ती धुतात, पण ते काम डॉक्टरांच्या सांगण्यावरून, निर्जंतुक सलाईनने.

दुसरा उपाय : ओढ बसू नये म्हणून पिशवी उशाशी ठेवा. ओढ बसते हे खरं, पण पिशवी वर गेली की लघवी उलटी आत जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालीच हवी, चालतानाही. पलंगाच्या कडेला अडकवा, जमिनीला टेकवू नका. ओढ बसू नये म्हणून नळी थोडी ढिली सोडून मांडीला चिकटपट्टीने लावायची.

पाणी कमी पाजा म्हणजे पिशवी लवकर भरत नाही, हा तिसरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात! लघवी घट्ट होऊन गाळ साचतो, नळी तुंबते. हृदयासाठी किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तरच कमी. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, तोटी भांड्याला लागू देऊ नका.

चौथा : दर दोन तासांनी नळीला चिमटा, म्हणे मूत्राशयाला व्यायाम. नळी काढण्याआधीसुद्धा चिमट्याची गरज नसते, असं तीच मार्गदर्शिका म्हणते. चिमटा काढायचा राहिला तर लघवी तुंबून माणूस तळमळतो.

पाचव्यात, दर आठवड्याला घरीच नळी बदला, यात अर्धं खरं आहे. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, हे मान्य. पण त्यासाठी दर भेटीला डॉक्टरांना विचारायचं, 'नळी अजून लागेल का?' बदलायची कधी हेही त्यांनीच ठरवायचं. आणि घरी ओढायची तर मुळीच नाही. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, तो तसाच ओढला तर मूत्रमार्ग फाटतो.

काकूंना वहीत लिहून दिलंय : थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, किंवा नळीला पीळ नसताना पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगलंय, तर सकाळची वाट न बघता दवाखाना.