सप्ताहात सात पिढ्यांची सोय

आपल्या भजनी मंडळातील भाविकांना अर्थसाक्षर करण्याचा संकल्प आपण सोडला असेल, तर प्रथम अभिनंदन. बँकेत एका सहीसाठी चष्मा शोधणारा आणि मग साहेबाला चार प्रश्न विचारणारा गृहस्थ हरिपाठ संपल्यावर, टाळ खाली ठेवता ठेवता, माउली सांगतील तिथे सही करतो. इतके सुपीक क्षेत्र आपल्याला अन्यत्र मिळणार नाही.

आरंभ तुकोबांपासून करावा, मात्र घराण्यात महाजनकी होती एवढेच सांगून थांबावे. धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा कोणी काढलीच, तर तत्काळ ‘पुंडलिक वरदे’चा गजर सुरू करावा. (आधी भावाचा वाटा चोख वेगळा काढणे हा त्या कथेतला अत्यंत व्यवहारी भाग आहे; पण तो शिकवण्याला कमिशन नाही.)

विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी द्यावी; स्वस्तातल्या मुदत विम्याचे नाव काढू नये. मुहूर्त श्रावणारंभाचा उत्तम. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, परंतु सोमवार, मंगळागौरी आणि पारायण यांतून सवड मिळून घरचे तो लिफाफा फोडतील, तोवर गणपती बसलेले असतात.

पाच वर्षांत दामदुप्पट देणारी ठेव योजना हा त्याच्या पुढचा अध्याय. त्यासाठी वर्षाला सुमारे 15 टक्के चक्रवाढ परतावा लागतो, असा हिशेब एखादा निवृत्त मास्तर मांडेल. त्याच्या श्रद्धेत काही उणे आहे का, याची सर्वांदेखत काळजीपूर्वक चौकशी करावी. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा 1999 चा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा आहे, हे खरे. परंतु दोन्ही कायदे चालायला कोणीतरी तोंड उघडावे लागते, आणि एकाच पंगतीत जेवलेल्या गुरुबंधूविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढणे किती मोठे पाप आहे, हे आपण पहिल्याच बैठकीत समजावलेले असते.

राहिला वारशाचा विषय. बँक खात्याचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्यामुळे तो मालक होतोच असे नाही. हे सांगू नये, अन्यथा लोक मृत्युपत्रे करू लागतील. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा हा विषय असेल त्या दिवशी महिलांसाठी स्वतंत्र, शक्यतो रांगोळीचा, वर्ग ठेवावा. भाऊबीजेच्या सुमारास हक्कसोडपत्राचे मसुदे तयार असावेत, त्यागाच्या महतीवर प्रवचन व्हावे, आणि एखाद्या बहिणीने सहीपूर्वी जमिनीचा रेडीरेकनर (सरकारी मूल्यांकनाचा) दर विचारलाच, तर तिला सन्मानपूर्वक प्रसाद वाटायला पाठवावे.