विचारा त्या ओहायोवालीला

नाशिकच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेले काही दिवस एका फलकाचा फोटो फिरतोय. आग्रा रोडला कुठल्याशा नव्या पार्कची जाहिरात लागली आहे, वर 'भारतातील पहिला' आणि खाली राइडचं लांबलचक नाव. एकाने लिहिलं, "असली थापेबाजी आपल्याकडेच चालते, अमेरिकेत कोर्टात खेचतील. विचारा त्या ओहायोवालीला." दुसऱ्याने लगेच दादासाहेब फाळक्यांना मध्ये ओढलं. म्हणे नाशिककरांना फुशारकीची सवयच आहे, पहिला सिनेमा तर दादासाहेब तोरण्यांचा. त्यालाही भराभर अंगठे आले.

ती ओहायोवाली मी. विचारलंच आहे तर सांगते.

सीडर पॉइंट हे ओहायोतलं ॲम्युझमेंट पार्क आमच्या घरापासून तासाभरावर आहे. मुलांचे सीझन पास आहेत, त्यामुळे मेअखेरच्या मेमोरियल डेपासून शनिवार तिथेच जातात. या पार्कने १९८९ मध्ये मॅग्नम उभा केला, दोनशे फुटांपुढचा पहिला रोलर कोस्टर म्हणून. पण जपानमध्ये फुजी-क्यू पार्कचा मूनसॉल्ट स्क्रॅम्बल १९८३ मध्येच दोनशेच्या वर गेला होता. त्याची गाडी त्याच रुळांवरून मागे यायची, पूर्ण फेरी मारत नसे. म्हणून इथे अट घातली गेली: पूर्ण फेरीचा पहिला. मे २००० मध्ये याच पार्कने मिलेनियम फोर्स आणला, ३१० फूट, पूर्ण फेरीचा जगातला सर्वात उंच. ऑगस्टमध्ये जपानच्या स्टील ड्रॅगनने तो मान घेतला. २००३ चा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर ४२० फुटांचा. दोन वर्षांत न्यू जर्सीचा किंगडा का ४५६ फुटांवर गेला. ड्रॅगस्टरच नव्याने बांधून २०२४ मध्ये उघडला तेव्हाचा दावा वाचा: 'तीनदा वेग देणारा जगातला सर्वात उंच आणि वेगवान स्ट्रॅटा कोस्टर'. चारशे ते पाचशे फुटांमधला तो स्ट्रॅटा. असे कोस्टर तेव्हा जगात मोजके, त्यात तीनदा वेग देणारा हा एकच. स्पर्धेला दुसरा कोणी नाहीच, तरी दावा छापला. कोणी कोर्टात गेलं नाही.

इतिहासातही तेच. लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला पाच सेंटांत ताशी सहा मैलांची स्विचबॅक रेल्वे सुरू केली, आणि अमेरिकेत रोलर कोस्टरचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात. पण त्यांच्या कितीतरी आधी रशियात लाकडी सांगाड्यावर बर्फ थापून घसरगुंड्या होत्या. पॅरिसमध्ये १८१७ मध्ये रुळावर चाकं धरून ठेवणाऱ्या गाड्या धावत होत्या. पेनसिल्व्हेनियात मॉक चंकला १८२७ पासून डोंगरावरचा कोळसा उतारावरून खाली येई, पुढे त्याच मार्गावर लोक पैसे देऊन बसू लागले. म्हणून थॉम्पसनना कोणी थापाड्या म्हणत नाही. त्यांनी ही गंमत धंद्यात बसवली, गावोगाव नेली. तो मान त्यांचाच.

मग हाच न्याय फाळक्यांना का नको? तोरण्यांचा 'पुंडलिक' मे १९१२ मध्ये मुंबईत दाखवला गेला, हे कोण नाकारतंय? ते नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. वर्षभराने, ३ मे १९१३ ला, 'राजा हरिश्चंद्र' आला. त्र्यंबकला जन्मलेल्या माणसाने स्वतः कॅमेरा आणला, पटकथा लिहिली, आणि फिल्म घरातच धुतली. त्यात पत्नी सरस्वतीबाई रात्री रात्री राबल्या. 'पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट' ही अट मॅग्नमच्या अटीपेक्षा कितीतरी भरीव आहे. फाळके १८७० मध्ये जन्मले, सीडर पॉइंटही त्याच वर्षीचं. इथे त्या सालाचा केवढा अभिमान! आणि आपण आपल्या माणसाची खिल्ली उडवतो.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. फोटोवर हसणाऱ्यांपैकी एकानेही दिल्लीच्या अप्पू घरचं नाव घेतलं नाही. १९८४ मध्ये उघडलेलं ते देशातलं पहिलं ॲम्युझमेंट पार्क, २००८ मध्ये बंद झालं. एस्सेलवर्ल्डची सहल आमच्या पिढीत कोणाला चुकली नाही. २०२२ मध्ये तेही बंद झालं आणि ग्रुपवर दोन रडके चेहरे आले, बस. इकडे पेनसिल्व्हेनियात ऑल्टूनाला लीप-द-डिप्स आहे, १९०२ चा लाकडी कोस्टर. सर्वात मोठा उतार जेमतेम नऊ फुटांचा. रुळाखाली पकडून ठेवणारी चाकंही नाहीत. १९८५ मध्ये बंद पडला, पण लोकांनी पैसे उभे केले आणि १९९९ मध्ये पुन्हा चालवला. किंगडा का २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला, हे तुम्ही सांगाल. ठाऊक आहे मला. तरी लीप-द-डिप्स राहिला, कारण कोणाला तरी तो हवा होता.

आपल्याकडे जपलेलं काय, असं कोणी विचारलं तर मी नाशिकची रहाड सांगते. पेशव्यांच्या काळापासूनचा तो हौद वर्षभर फळ्या-ओंडके टाकून मातीखाली बुजवलेला असतो, वरून वाहनं जातात. रंगपंचमीच्या आधी माती काढतात, पाणी भरतात, फुलांचा रंग शिजवून ओततात, पूजा होते. मानकऱ्यांची पहिली उडी पडली की बाकीच्यांचे धप्पे सुरू. वरून उडी घेणाऱ्याच्या पायाखाली क्षणभर काहीच नसतं, तो क्षण मिलेनियम फोर्सच्या शिखरावरही तसाच येतो. मला दोन्ही ठिकाणी पोटात तोच गोळा आला, फक्त नाशिकच्या तिवंध्यातल्या रहाडीवर मी काठावर उभी होते.

कारण आम्ही इंदिरानगरचे, जुन्या नाशिकबाहेरचे. रहाड गावठाणाची, मामाच्या वाड्यामुळे आम्हाला बघायला मिळायची. इथे ऑफिसात मात्र मी 'आमच्याकडे रंगपंचमीला' असंच सुरू करते, आणि न्यू जर्सीचे पाहुणे किंगडा काची उंची सांगू लागले की 'आमच्या सीडर पॉइंटला' म्हणून भांडते. दोन्हीकडे 'आमच्या' म्हणायचा माझा हक्क कच्चा आहे, आणि तो कोणी बोलून दाखवला तर मला लागतं. ग्रुपवर फाळक्यांवरून मी एवढी चिडले त्याचंही कारण हेच असावं. वर्गातले बाकीचे नाशकातच आहेत, त्यांना फाळके हसण्यावारी नेता येतात. मला नेता येत नाहीत.