‘दोष काढू नका’ हे कोणी कोणाला सांगायचं?

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, एखाद्यानं हिशेब विचारला, कुणा मोठ्या माणसाच्या वागण्याबद्दल तक्रार केली, किंवा ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढं जरी म्हटलं, तरी एक वचन लगेच त्याच्यापुढे ठेवलं जातं: दोष काढू नका, म्हणजे तुमचेही दोष काढले जाणार नाहीत. बोलणारा गप्प होतो. प्रभूच्या शब्दापुढे वाद कसा घालायचा? ते वचन येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं आहे आणि माझ्या विश्वासात त्याची जागा फार वरची आहे. म्हणूनच कुणाचं तोंड बंद करायला ते वापरलेलं पाहिलं की जीव तुटतो. याबद्दल बरेच दिवस मनात होतं, आज जरा सविस्तर लिहितो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली पहिली पाच वचनं सलग वाचा. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो. येशू म्हणतो, ज्या मापानं तुम्ही मोजाल त्याच मापानं तुम्हाला मोजलं जाईल. मग कुसळ आणि मुसळ येतं. ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की तिचा शेवट काय आहे हे आपण विसरून गेलोय. शेवट असा आहे: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे तुला नीट दिसेल आणि भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढता येईल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. भावाचा डोळा सलतोय, त्याला तसंच ठेवणं ही काही माया नव्हे. फक्त डोळ्यासारख्या नाजूक जागी हात घालणाऱ्याला आधी स्वतःला दिसलं पाहिजे.

शिवाय त्याच अध्यायात पुढे पवित्र वस्तू कुत्र्यांना घालू नका, मोती डुकरांपुढे टाकू नका असं सांगितलंय. मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांपासून, देवाचा निरोप आणल्याचं सांगणाऱ्यांपासून, जपा, झाड फळावरून ओळखा, हेही तिथेच आहे. पारख करायचीच नसती तर फळं तपासायला कशाला सांगितलं असतं? मनाई पारखण्याला नाही. मनाई आहे ती देवाच्या न्यायासनावर आपण जाऊन बसण्याला, एखाद्या माणसाचा कायमचा निकाल लावून मोकळं होण्याला.

आणि हे वचन ज्यानं त्यानं स्वतःलाच ऐकवायचं आहे. मी दुसऱ्याला ‘अरे, आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ बघ’ म्हणालो, की त्याच क्षणी मी त्याच्या डोळ्यात बघत उभा असतो. जे करू नको म्हणून सांगितलं, तेच मी ते वचन उच्चारून केलेलं असतं.

लूकच्या अठराव्या अध्यायातला येशूचा दाखला घ्या: मंदिरात प्रार्थनेला गेलेले दोघे, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि दुसरा जकातदार. आपण त्या परूशाला ढोंगी म्हणून चटकन बाजूला करतो. माझ्या मते त्यामुळे दाखल्याची सगळी धार जाते. तो माणूस खोटं बोलत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो. यहुद्यांच्या नियमशास्त्रानं सगळ्यांना सांगितलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. मिळकतीचा दहावा भाग तो देतो, आणि या सगळ्याबद्दल आभारही देवाचेच मानतो. जकातदाराबद्दलचं त्याचं मतही बहुधा चुकीचं नव्हतं. जकातदार रोमी सत्तेसाठी पैसा गोळा करायचे आणि ठरल्यापेक्षा जास्त उकळायचे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला त्यांना तसं स्पष्ट बजावावं लागलं होतं. पुढच्याच अध्यायातला जक्कय, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो म्हणतो. तेव्हा परूशाची माहिती बरोबर होती. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच.

माहिती खरी असूनही असं का व्हावं? त्याचं उत्तर मला त्यांच्या प्रार्थनांमध्ये दिसतं. परूशी देवासमोर उभा आहे, पण त्याची नजर शेजाऱ्याकडे वळलेली आहे. लुटारू, अन्यायी, व्यभिचारी, आणि ‘हा जकातदार’ अशी भरपूर माणसं त्याच्या प्रार्थनेत आहेत. जकातदाराच्या प्रार्थनेत मात्र देव आणि तो स्वतः, तिसरा कोणी नाही. ‘इतरांपेक्षा मी तरी बरा’ असं तो म्हणत नाही, आणि ‘माझ्यासारखा वाईट जगात नाही’ असंही म्हणत नाही. छाती बडवतो, दया मागतो आणि घरी जातो. नम्रता म्हणजे स्वतःला सतत शिव्या घालणं, असं पुष्कळ भाविकांना वाटतं. या दाखल्यात मला तसं कुठेच दिसत नाही. तुलना थांबणं, एवढं मात्र दिसतं.

दावीद राजाची गोष्ट मला याच संदर्भात सगळ्यात महत्त्वाची वाटते. बथशेबाला त्यानं बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडावर ठेवून मारवलं, आणि राज्य पूर्वीसारखं चालू राहिलं. मग नाथान संदेष्टा येतो आणि एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, श्रीमंतानं पाहुण्यासाठी हिसकावून कापलेल्या मेंढीची. दावीद संतापतो. हा माणूस मरायलाच हवा, त्यानं चौपट भरून द्यावं! मेंढी चोरली तर चार परत द्याव्यात, हे निर्गमाच्या पुस्तकात, नियमशास्त्रात, लिहिलंच आहे. कायदा त्याला पाठ होता आणि न्यायबुद्धीही शाबूत होती. ती फक्त दुसऱ्याच्या खटल्यात चालत होती. मग नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’

‘दोष काढू नका’ याचा अर्थ ‘तोंड उघडू नका’ असा असता, तर नाथानानं घरी बसायला हवं होतं. राजाला राजाचा दोष दाखवणारा हा माणूस. त्याच्या हाती ना फौज, ना अधिकार. 51 वं स्तोत्र, ज्यावर आपण पश्चात्ताप करायला शिकतो, त्याच्या मथळ्यातच लिहिलंय की नाथान दावीदाकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. म्हणजे राजाचं आत्मपरीक्षण आपोआप सुरू झालं नाही. एका माणसानं बोलायचं धाडस केलं तेव्हा ते सुरू झालं. मंडळीत प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करताना आपण कदाचित नाथानालाच दारातून परत पाठवत असतो, आणि ज्याला पश्चात्तापाची गरज आहे त्याच्याकडून ती संधी हिरावून घेत असतो.

योहानाच्या आठव्या अध्यायातल्या स्त्रीबद्दलही थोडं लिहायला हवं. हा प्रसंग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये सापडत नाही, हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. मंडळीनं तो जपला, आणि मीही त्याला बिनदिक्कत धरून आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला फरफटत आणतात. लेवीयाच्या विसाव्या अध्यायानुसार शिक्षा दोघांनाही होती. इथे पुरुषाचा पत्ताच नाही. म्हणजे नियमशास्त्राचं नाव घेणाऱ्यांनी नियमशास्त्र आधीच अर्धं गुंडाळून ठेवलेलं. येशू म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा. साक्षीदारानं पहिला हात उचलावा असा नियमच होता, त्यामुळे हे ऐकताना प्रत्येकाला स्वतःची साक्ष आठवली असणार. वडीलधारे आधी निघतात. शेवटी ती आणि तो एवढेच उरतात. दगड टाकण्याचा हक्क फक्त त्याला, आणि तो टाकत नाही. ‘जा, यापुढे पाप करू नको.’ पापाला तो पापच म्हणतो.

आता पाहा, आत्मपरीक्षणाचे ते शब्द त्यानं कोणाला ऐकवले? ज्यांच्या हातात दगड होते त्यांना. मार खाणाऱ्या बाजूला उभं करून ‘तूही काही धुतल्या तांदळासारखी नाहीस’ असं तो म्हणाला नाही. आपल्याकडे मात्र नेमका उलटा प्रकार चालतो. दगड ज्याच्या हातात तो निवांत असतो, आणि ज्याला लागला त्याला अंतर्मुख व्हायला सांगितलं जातं.

चौथ्या शतकात इजिप्तमधल्या स्केतीसच्या वाळवंटात मोशे नावाचे एक तपस्वी राहत. पूर्वायुष्यात ते दरोडेखोर होते. एका बंधूच्या हातून काही अपराध घडला म्हणून सभा बोलावली गेली. मोशे जाईनात. पुन्हा निरोप आला, तेव्हा ते उठले आणि पाण्यानं भरलेलं एक गळकं भांडं घेऊन निघाले. लोक बाहेर आले, म्हणाले, ‘बाबा, हे काय?’ ते म्हणाले, ‘माझी पापं माझ्या मागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याच्या चुकांचा न्याय करायला आलोय.’ त्या बंधूला क्षमा झाली. मोशे स्वतः न्याय करणाऱ्यांपैकी होते, आणि बोलले ते स्वतःच्या पापांबद्दल. सभेला त्यांनी पापी म्हटलं नाही. समोरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

सहाव्या शतकातले गाझाचे दोरोथेउस यांनी आपल्या मठातल्या साधूंना याविषयी दिलेली शिकवण मला फार उपयोगी पडते. ते पायऱ्या करून सांगतात. अमका खोटं बोलला, अमका रागावला, असं मागे बोलत फिरणं ही निंदा. अमका खोटारडा आहे, अमका रागीटच आहे, असं म्हणणं म्हणजे त्याला दोषी ठरवणं, कारण आता आपण एका कृत्यावरून अख्ख्या आयुष्याचा निकाल दिला. आणि तिसरी पायरी तुच्छतेची: त्या माणसाचं दर्शनच नको, इतकी किळस. आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाहा. पहिल्या पायरीवरून तिसरीवर पोचायला तिथे एक दुपार पुरते.

तेच दोरोथेउस गुलामांच्या जहाजावरून विकलेल्या दोन लहान मुलींची गोष्ट सांगतात. एक एका भक्तिमान स्त्रीनं घेतली आणि देवाच्या भयात वाढवली. दुसरी वेश्येच्या हाती पडली आणि तिला तोच धंदा शिकवला गेला. उद्या दोघी चुकल्या तर देव दोघींना एकाच तराजूत कसा घालेल? दुसरीला कधी चांगलं काही ऐकायलाच मिळालं नाही. आपल्याला कृत्य दिसतं. त्यामागे कोण कुठे वाढलं, कोणी किती झुंज दिली, किती अश्रू गाळले, हे फक्त देवाला ठाऊक असतं. ‘न्याय देवावर सोडा’ यामागचं कारण इतकं समजेल असं मी दुसरीकडे क्वचितच वाचलंय.

मग बोलायचं कसं? प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो: कोणी अपराधात सापडला तर सौम्यतेनं त्याला ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, तुम्हीही मोहात पडू शकता. जर्मन धर्मसुधारक लुथरनं 1529 च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत खोट्या साक्षीची आज्ञा समजावताना शेजाऱ्याबद्दल चांगलं बोलावं, त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा असं सांगितलं. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नाशियस यांनी दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, मनाची झडती घ्यायला शिकवलं, आणि त्या झडतीची सुरुवात आभार मानून करायला सांगितली. हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी कृपा आठवली नाही तर आत्मपरीक्षण स्वतःला टोचत बसण्याचं निमित्त होतं.

खाणंपिणं, सणवार, उपासनेची पद्धत यांवरून एकमेकांना दोषी ठरवणाऱ्यांना रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय पुरेसा आहे: दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? यावर माझं अधिक काही म्हणणं नाही.

पण छळ, फसवणूक, पदाचा गैरवापर या गोष्टी चौदाव्या अध्यायातल्या नाहीत. इथे लोक मत्तयाचा अठरावा अध्याय काढतात: भावानं अपराध केला तर आधी एकांतात जाऊन सांग. दोन बरोबरीच्या भावांसाठी ही फार शहाणी वाट आहे. दुखावलेल्या, घाबरलेल्या माणसाला त्याच्यावर सत्ता असलेल्या माणसासमोर एकटं पाठवायला ती वापरणं मला अन्याय वाटतो. त्याच अध्यायात, त्या सूचनेच्या आधी, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं ते बरं, असे प्रभूचे शब्द आहेत. सगळ्या अध्यायात इतके कठोर शब्द दुसरे नाहीत, आणि ते तक्रार करणाऱ्यासाठी नाहीत.

शेवटी प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीबद्दल. त्याआधी आपण करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वाचतो की प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी. माना खाली जातात, जो तो आपापली पापं आठवतो. त्यात गैर काहीच नाही. पण पौलानं ते लिहिलं कशामुळे? करिंथात काही जण आपलं जेवण आधीच उरकायचे, कोणी भुकेला राहायचा तर कोणी दारूनं झिंगलेला असायचा. ‘ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता का?’ असं पौल विचारतो. म्हणजे परीक्षा करायची होती ती माझ्यामुळे या मेजाभोवती कोण उपाशी राहिलं, कोण खाली मान घालून बसलं, याची. पाळकांना आणि वडीलमंडळींना माझी एक विनंती आहे: पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी अकरावा अध्याय 23 किंवा 28 व्या वचनापासून न वाचता 17 व्यापासून वाचावा.