शंभर वॅट आणि चार भिंती

ट्यूबचा गिटार ॲम्प, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हांवर चालणारा, गिटारचा आवाज वाढवणारा डबा, घ्यायचा विचार आहे, असं चारचौघांत बोलू नये. गिटार घेतोय म्हटलं तर लोक ‘अरे वा’ म्हणून विषय सोडतात. ॲम्प म्हटलं की खुर्ची पुढे ओढून बसतात. पहिलं वाक्य ठरलेलं: “ट्यूबचा साउंड कसा, वॉर्म असतो.” वॉर्म म्हणजे नक्की कसा, असं विचारलं की समोरचा डोळे मिटतो, हवेत हात गोल फिरवतो आणि म्हणतो, “ते ऐकल्यावरच कळतं.”

मला कळेल अशा भाषेत समजावलं ते सासऱ्यांनी. त्यांनी आयुष्यात गिटारला हात लावलेला नाही, पण तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत. “जावईबापू, घ्यायचा तो घ्या, पण मागची फळी उघडून आत बोट घालू नका,” इथून त्यांनी सुरुवात केली. आत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी फिरत असतो. प्लग काढला की तो गेला असं आपल्याला वाटतं, पण फिल्टरचे कपॅसिटर तो नातेवाइकांनी लग्नातला मानापमान धरून ठेवावा तसा धरून ठेवतात.

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढले. पिकअपमधून, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या चुंबकांमधून, येणारा सिग्नल अगदीच किरकोळ. प्रीॲम्पच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, छोट्या ट्यूबा, बहुतेक करून १२एएक्स७ नावाच्या, त्याला वाढवतात. पुढे पॉवर ट्यूबा त्यात जोर भरतात. त्यांचा व्होल्टेज जास्त आणि करंट कमी, स्पीकरला हवं नेमकं उलटं, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर. शेवटी स्पीकर. संपला ॲम्प.

“हे सगळं ट्रान्झिस्टर करतो की हो,” सासरे म्हणाले. “तो आला आणि आम्ही सुटलो. तुम्ही का अडकलात?”

मी म्हटलं, ट्यूबवर ताण आला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू चिरकत जातो, आणि गिटारवाल्यांना तेच हवं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे गिऱ्हाईक ज्याची तक्रार घेऊन आमच्याकडे यायचं, ते तुम्ही पैसे मोजून घेता.”

याला उत्तर नाही.

पुढचा प्रश्न वॅटचा, आणि सगळी गोम इथेच आहे. माझा एक मित्र शंभर वॅटच्या खाली बोलतच नाही. “घ्यायचा तर एकदाच मोठा घे. आवाज कमी ठेवता येतो, वाढवणार कुठून?” ऐकायला अगदी शहाणपणाचं. पण वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, असं नसतं. पन्नासाचे शंभर केले तर फरक पडतो ३ डेसिबलचा, कानाला ‘जरा वाढला वाटतं’ इतपत. आवाज दुप्पट वाटायला पॉवर साधारण दहापट लागते. म्हणजे पाच वॅटचा ॲम्प पन्नासवाल्याच्या निम्म्याने वाजतो, एक-दशांशाने नव्हे. त्यात गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल सहज काढतो. हो, एका वॅटवर! उरलेले नव्व्याण्णव घरात कुठे ठेवायचे, हे मित्र सांगत नाही.

बरं, ज्या चिरकण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पॉवर ट्यूबांकडून हवं असेल तर त्यांना दमवावं लागतं. शंभर वॅटच्या ट्यूबा दमेपर्यंत खिडकीच्या काचा दमतात. म्हणून लोक काय करतात, तर आधी शंभर वॅट विकत घेतात आणि मग ॲटेन्युएटर नावाचा आणखी एक डबा विकत घेतात, जो त्यातले बरेचसे वॅट उष्णता करून उडवून टाकतो. (हे सासऱ्यांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांचं वय बघता सांगणारही नाही.) दुसरा मार्ग मास्टर व्हॉल्यूमचा: प्रीॲम्प हवा तेवढा चिरकू द्यायचा आणि पुढे नळ आवळायचा. कट्टर मंडळी याला नाक मुरडतात. मुरडोत बापडी. भिंतीपलीकडे माणसं राहत असतील तर मास्टर व्हॉल्यूम हवाच.

दुसरा वाद ब्रिटिश की अमेरिकन. पॉवर ट्यूबांपैकी ईएल३४ आणि ईएल८४ ब्रिटिश गोटातल्या, ६एल६ आणि ६व्ही६ अमेरिकन. दोन्हीकडचे लोक एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असल्यासारखे बोलतात. प्रत्यक्षात मार्शल या ब्रिटिश कंपनीचा पहिला ॲम्प, १९६२ च्या सुमाराचा जेटीएम४५, अमेरिकन फेंडरच्या बासमन या ॲम्पवर बेतलेला. आणि तो बासमन मुळात बास गिटारसाठी काढलेला! म्हणजे ब्रिटिश साउंड अमेरिकन निघाला आणि तो अमेरिकन गिटारसाठी नव्हताच. वैर चालूच आहे.

काही कामाच्या गोष्टी मात्र कोणी आपणहून सांगत नाही. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरवाला बहुधा हे चालवून घेतो, हा घेत नाही. मागच्या सॉकेटवर ८ ओहम लिहिलंय तर तिथे ८ ओहमचाच स्पीकर. प्रीॲम्पची ट्यूब बदलणं म्हणजे काढली आणि नवी बसवली. फिक्स्ड बायसवाल्या ॲम्पात पॉवर ट्यूबा बदलल्या की बायस, म्हणजे काही वाजत नसतानाही ट्यूबेतून किती करंट वाहायचा ते, तपासून घ्यावा लागतो; नाव ‘फिक्स्ड’ आणि तोच जुळवायचा, पण ते असो. कॅथोड बायसवाला हे आपलं आपण सांभाळतो. आणि वजन! व्हॉक्स कंपनीचा दोन स्पीकरवाला एसी३० हा ॲम्प तीस किलोच्या वर जातो. वर हँडल असतं, पण ते आशेवर लावलेलं असतं.

दुकानात मी सासऱ्यांना सोबत नेलं. समोर एका स्वस्त ॲम्पाच्या जाळीमागे ट्यूब नारिंगी उजळली होती, बघत राहावी अशी. सासरे वाकले, जाळीतून डोकावले आणि विक्रेत्याला म्हणाले, “अहो, मागे एलईडी आहे.” होता. छोटी ट्यूब खरी पेटते तेव्हा अंधारात जेमतेम दिसते. ही भर दिवसा झळकत होती. पॉवरचा सगळा भाग ट्रान्झिस्टरचा, ट्यूब एकच, तीही मखरात.

मग त्यांनी एक पाच वॅटचा सुरू करायला लावला. एकच पॉवर ट्यूब, कॅथोड बायस, मास्टर व्हॉल्यूम. गिटार न जोडता आवाज चढवून आधी घरघर ऐकली. खिशातली पेन्सिल काढून छोट्या ट्यूबेवर रबराच्या टोकाने हलकेच टकटक केलं. टिचकीबरोबर स्पीकरमधून जोरात खणखणाट झाला असता तर ट्यूब मायक्रोफोनिक. नुसतं बारीक टक आलं. “ही ठीक आहे,” म्हणाले.

मित्रही आलाच होता. “पाच वॅट? पाच वॅटमध्ये काय ऐकू येणार आहे तुला?” मी गिटार लावली, व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला आणि एक ‘ई’ कॉर्ड मारली. काउंटरवरची, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पिकांची बरणी थरथरली. मित्राचे ओठ हलत होते, हातवारेही चालले होते. तारांवर तळवा ठेवला तेव्हा वाक्याचा शेवट तेवढा हाती लागला: “...म्हणून म्हणतो, शंभरचाच घे.”