फोटो बघून ‘पाणी वाढवा’ सांगितलं, ती चूक आमचीच

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळी दुकान उघडल्यावर तो इथल्या सगळ्यांना बसवून पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून रबर प्लांट, कॅलॅथिया आणि स्पायडर प्लांट अशी तीन लहान रोपं नेली. तीन आठवड्यांत रबर प्लांटची खालची पानं पिवळी पडून मान टाकायला लागली. तुम्ही एका पानाचा फोटो पाठवला, तर दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘पाणी कमी पडतंय, वाढवा, थोडं खतही द्या.’ तुम्ही तिन्ही कुंड्यांना तसंच केलं. रबर प्लांट गेला आणि बाकी दोघांचीही पानं बिघडली. ‘रोगट रोपं विकतात आणि वर चुकीचा सल्ला देतात,’ असं तुम्ही लिहिलंय.

सल्ल्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते पूर्ण खरं आहे. मनापासून माफी मागते. रोगट रोपांबद्दल एका रोपापुरतं तुमचं बरोबर आहे, बाकी दोघांबद्दल माझं मत वेगळं आहे. ते का, ते सविस्तर सांगते, कारण उरलेली दोन रोपं वाचवायची तर ते कळणं गरजेचं आहे.

तुम्ही रबर प्लांटची कुंडी काउंटरवर ठेवून गेलात, ती मी स्वतः उघडली. चिनी मातीच्या बाहेरच्या कुंडीतून आतली प्लास्टिकची कुंडी उचलली, तर तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं होतं. वरची माती हाताला कोरडी आणि रंगानं फिकट. रोप उलटं करून बाहेर काढलं, तेव्हा मातीचा वरचा भाग भुरभुरीत होता आणि खालचा चिखल. कुजका वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल निसटून आली आणि आतला दोऱ्यासारखा धागा तेवढा राहिला. निरोगी मूळ असं सोलून येत नाही, ते बोटांना घट्ट लागतं. ही मूळकूज होती. तिच्यावर आम्ही ‘पाणी वाढवा’ असं सांगितलं.

असं का होतं, ते सांगते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मरतात आणि मग बुरशीसारखे रोगजंतू त्यांना धरतात. मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे कुंडीत पाणी असूनही पान तहानलेलं राहतं. मलूल होतं, पिवळं पडतं, गळतं. वरून बघणाऱ्याला ते अगदी पाणी न मिळाल्यासारखंच दिसतं. म्हणून तर बहुतेक जण अशा वेळी आणखी पाणी घालतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण जी माणसं दिवसभर रोपांमध्येच वावरतात, त्यांनी तरी विचारायला हवं होतं: माती दोन पेरं खोल बोट घालून बघितली का? कुंडी उचलल्यावर जड लागते की हलकी? बाहेरच्या कुंडीत पाणी साठलंय का? आमच्याकडून यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही. पानाच्या फोटोवरून बिघाड झालाय एवढंच कळतं. तो कशामुळे झाला, ते बहुतेक वेळा मातीत आणि पानाच्या पाठीमागे सापडतं.

आणखी एक कबुली. ती बिनभोकाची बाहेरची कुंडी आम्हीच तुम्हाला दिली. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं आतली कुंडी उचलून साठलेलं पाणी ओतून टाकायचं, हे सांगायचं राहून गेलं. आमच्या मातीच्या मिश्रणात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बरंच असतं. ते वरून लवकर सुकतं आणि आत बराच काळ ओलं राहतं, त्यामुळे नुसता वरचा रंग बघून पाणी घातलं की हमखास फसगत होते. तुम्ही ‘माती कोरडी दिसत होती’ असं लिहिलंय, ते म्हणूनच मला लगेच पटलं.

रबर प्लांट मात्र विकताना रोगट नव्हता. त्याच दिवशी आलेली बाकीची रोपं इथे आहेत. त्यांतली चार आज कुंडीतून काढून मुळं तपासली, चारही ठीक आहेत. शिवाय रोपवाटिकेतल्या भरपूर उजेडातून खोलीत आलेलं लहान रोप पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खालची एक-दोन पानं टाकतं. कमी उजेडात तेवढ्या पानांचा भार त्याला पेलत नाही. तेवढ्यानं काळजी करायची नसते, औषध किंवा खत तर मुळीच द्यायचं नसतं. आजारी मुळांच्या रोपाला खत देणं त्याच्यासाठी आणखी घातक. मातीत क्षार वाढतात आणि उरलीसुरली मुळंही करपतात. तो सल्लाही आमचाच होता.

आता कॅलॅथिया. इथे तुमचा आरोप मी मान्य करते. तुमच्या दुसऱ्या फोटोत पानावर बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी दिसते, जणू कुणी सुईनं टोचून हिरवा रंग काढून घेतलाय. हे पाणी किंवा खतामुळे होत नाही. आमच्याकडे उरलेल्या कॅलॅथियांची पानं आज पांढऱ्या कागदावर झटकून पाहिली. दोन कुंड्यांच्या कागदावर मोहरीहूनही बारीक ठिपके पडले आणि काही क्षणांत चालायला लागले. भिंगातून बघितलं, तर आठ पाय. हा लाल कोळी. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो, जास्त झाला की देठापाशी तलम जाळी दिसते. कोरड्या, उबदार हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. तुमच्या रोपावर तो आमच्याकडूनच आला असण्याची शक्यता जास्त आहे. त्या सगळ्या कुंड्या आज विक्रीतून काढून वेगळ्या ठेवल्या आहेत.

तुमची कॅलॅथिया वाचेल असं मला वाटतं, कारण फोटोत नवं पान गुंडाळी उलगडताना दिसतंय आणि ते स्वच्छ आहे. तिला आधी बाकी रोपांपासून लांब ठेवा. पानांच्या खालच्या बाजू ओल्या मऊ फडक्यानं पुसून काढा, शक्य झालं तर नळाखाली हलक्या धारेनं धुवा. मग पाण्यात मिसळलेलं कडुनिंबाचं तेल किंवा कीटकनाशक साबण संध्याकाळी फवारा, पण आधी एकाच पानावर आणि दोन दिवस वाट बघून. कॅलॅथियाचं पान नाजूक असतं, कधी कधी तेल त्याला सोसत नाही. अंडी एका फवारणीनं मरत नाहीत, म्हणून दर पाच ते सात दिवसांनी निदान तीन वेळा करावं लागेल. ठिपके पडलेली पानं पुन्हा पूर्वीसारखी हिरवी होणार नाहीत. नवी पानं स्वच्छ येतायत का, त्यावरून ठरवा.

स्पायडर प्लांटची नुसती टोकं तपकिरी झाली आहेत, ती कीड नाही. हे रोप पाण्यातल्या क्षारांना आणि फ्लोराइडला फार लवकर कुरकुरतं. त्यात आमच्या सांगण्यावरून खत पडलं. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसत असेल तर खात्रीच समजा. कुंडी मोरीत ठेवून तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत पाणी ओता, निथळू द्या, पुन्हा एकदा तसंच करा. मग दोन महिने खत नको. तपकिरी टोकं कात्रीनं कापली तर चालतील, फक्त हिरव्या भागाला कात्री लावू नका, नाहीतर कापलेली कड पुन्हा सुकते.

पुढे कधी पिवळं पान दिसलं, तर ते जुनं आहे की नवं हे आधी बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील, तर आधी ओलावा तपासा, नत्राची कमतरता नंतर. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर बहुधा लोह मिळत नाही. रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याला दिसते. खिडकीकडच्या बाजूलाच पांढरट, कागदासारखा डाग असेल तर ऊन लागलंय. पान वरून काहीच सांगत नसेल तर उलटं करा. देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, पानावर चिकट थर असेल तर शिरांवर खवले कीड शोधा.

आमच्याकडे आजपासून एवढं बदललंय: एका फोटोवर कुणीही सल्ला देणार नाही. पूर्ण रोप कुंडीसकट, पानाची मागची बाजू, खिडकी किती लांब आणि शेवटचं पाणी कधी, एवढं विचारल्याशिवाय उत्तर जाणार नाही. वेळ लागला तरी चालेल. नव्यानं आलेली रोपं दोन आठवडे वेगळी राहतील आणि विकण्याआधी प्रत्येकाची पानं उलटून बघितली जातील. हे आधीपासूनच व्हायला हवं होतं.

तिन्ही रोपांचे पैसे परत करते, उरलेली दोन तुमच्याकडेच राहू द्या. रबर प्लांटचा शेंड्याकडचा वीतभर भाग अजून जिवंत आहे, नखानं खरवडल्यावर पांढरा चीक आला. तुम्हाला न विचारताच मी तो कापून ओलसर मिश्रणात लावलाय, कारण थांबले असते तर तोही गेला असता. मुळं फुटायला काही आठवडे लागतील, फुटतीलच असं वचन देत नाही. फुटली, तर ते रोप तुमचं आहे.